क्रोनिए 'कप्तान म्हणून आदर्शच' होता, असं मुलांना सांगायचं का?

गल्लीकोच (नागपूर):
दर रविवारी सकाळी मी आमच्या वस्तीच्या मैदानावर पोट्ट्यांना क्रिकेट शिकवतो. सगळे बारा ते चौदा वर्षांचे. मागच्या रविवारी आमच्यातल्या एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी कप्तान कसा असावा हे सांगताना दक्षिण आफ्रिकेचा कप्तान हॅन्सी क्रोनिएचं उदाहरण दिलं. 53 कसोटींत कप्तानी, 27 विजय. 2000 साली भारतात येऊन 2-0 अशी मालिका जिंकली, जी आपण 1987 नंतर घरी कधी हरलो नव्हतो. हे सगळं खरं आहे. पण शेवटी ते म्हणाले, "पुढे पैशाच्या मोहात पडला, पण कप्तान म्हणून आदर्शच." तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

19 मार्च 2000. सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर मी वडिलांसोबत होतो, वय चौदा. होळीचे दिवस, ऊन मी म्हणत होतं. हर्शेल गिब्जने 53 चेंडूंत 74 ठोकल्या, आफ्रिकेने 320 केल्या आणि आपण 10 धावांनी हरलो. घरी येताना मी रडलो होतो.

तीनच आठवड्यांत दिल्ली पोलिसांनी क्रोनिए आणि एका सट्टेबाजाचं फोनवरचं संभाषण उघड केलं. पुढे दक्षिण आफ्रिकेत चौकशीसाठी नेमलेल्या किंग आयोगासमोर कळलं की त्या सामन्यात गिब्जने वीसच्या आत बाद व्हायचं आणि हेन्री विल्यम्सने दहा षटकांत पन्नासहून जास्त धावा द्यायच्या असं ठरलं होतं. प्रत्येकाला 15 हजार डॉलर. विचारलं कोणी? त्यांच्याच कप्तानाने, हॉटेलच्या खोलीत. दोघं 'हो' म्हणाले. मैदानावर मात्र गिब्ज ठरलेलं सोडून फटकेबाजी करत सुटला आणि विल्यम्सचा खांदा 11 चेंडूंतच दुखावला, म्हणून ते पार पडलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. लाच घेणारा खेळाडू एक वेळ मी समजून घेईन. पण क्रोनिएने कप्तानपद वापरलं. ज्या विश्वासामुळे संघ त्याच्यामागे जायचा, त्याच विश्वासाने त्याने दोन जणांना खड्ड्यात नेलं. मग 'पैशाचं सोडा, नेतृत्व घ्या' असं कसं म्हणायचं? गुन्हा नेतृत्वातच झाला ना?

लाल माती (कोल्हापूर):
दादा, मी तालमीत वाढलेला माणूस. आमचे वस्ताद म्हणायचे, डाव कुणाकडनंबी घ्यावा. ज्याच्याकडनं घेतला तो बाहेर कसा वागतो ते बघत बसला तर आयुष्यभर नुसत्या जोरबैठका काढत राहशील.

आणि आपल्याकडं निर्दोष आदर्श आहे कोण? कर्णाचंच घ्या. द्रौपदीला भर सभेत नको ते बोलला, अभिमन्यूला घेरणाऱ्यांतही होता. तरी दानशूर म्हटलं की अजून त्याचंच नाव येतं. धर्मराजानं तर बायको पणाला लावली. आपल्या आज्यांनी आपल्याला दोघांच्याही गोष्टी सांगितल्या, त्यानं आपण जुगारी झालो नाही. पोरांना एवढं कळतं. क्रोनिएचा डाव घ्या, बाकीचं सोडा.

गल्लीकोच:
कर्णाचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. आज्या कर्णाचं दान सांगायच्या तेव्हा सभेतलं बोलणंही सांगायच्या. रथाचं चाक रुतल्यावर त्याला धर्म आठवला, तेव्हा कृष्णाने काय विचारलं तेही सांगायच्या. आमच्या मैदानावर मागच्या रविवारी 27 विजय सांगितले गेले, पण गिब्ज आणि विल्यम्स ही नावं कुणी उच्चारली नाहीत. एकाही पोट्ट्याला ती माहीत नव्हती.

रानजाई:
मी क्रिकेट फारसं पाहत नाही, पण या विषयावर गप्प बसवत नाही.

2009 मध्ये माझ्या केमोच्या सहा सायकल झाल्या. तिसऱ्या सायकलनंतर मी घरी सांगितलं होतं की आता बस. तेव्हा भावाने अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगबद्दलचे लेख छापून आणले. 1996 मध्ये पंचविसाव्या वर्षी कर्करोग, फुफ्फुसांत आणि मेंदूत पसरलेला. आणि 1999 पासून 2005 पर्यंत सलग सात वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. भावाने त्याच्या संस्थेचा तो पिवळा रबरी पट्टाही आणला, हातात घालायला. मी तो घालून चौथ्या सायकलला गेले.

2012 मध्ये त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली. जानेवारी 2013 मध्ये त्याने टीव्हीवर कबूल केलं की सातही वेळा उत्तेजकं घेतली होती. मला फार राग आला, आजही येतो. पण त्याचा कर्करोग खोटा नव्हता हो. तो त्यातून उठला हे खोटं नव्हतं. मला तेवढंच हवं होतं आणि तेवढं त्याने दिलं. आता तुम्ही म्हणाल तो आदर्श नाही. बरं, नाही. मग मी चौथ्या सायकलला कुणाच्या आधाराने गेले?

उन्हाळी सुट्टी:
रानजाई ताई, तुम्ही बऱ्या झालात हे वाचून आनंद झाला. तुमच्या आधाराला कुणी हात लावू नये असं मनापासून वाटतं.

पण त्याच गोष्टीत एमा ओ'रायलीही आहे. ती आर्मस्ट्राँगच्या संघात मसाज करायची. 1999 च्या टूरमध्ये तो स्टेरॉइडच्या चाचणीत अडकत होता, तेव्हा मागची तारीख टाकून मलमाचं प्रिस्क्रिप्शन कसं तयार झालं हे तिने सांगितलं. ते खरं होतं. त्याने तिच्यावर खटला भरला आणि जगासमोर तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. पगारावर जगणारी एक बाई खरं बोलली आणि कितीतरी वर्षं खोटारडी ठरली. तिच्याशी तो असा वागू शकला, कारण कर्करोग जिंकलेल्या माणसाविरुद्ध कोण ऐकून घेणार? तुम्हाला ज्याने उठवलं तेच बळ त्याने तिला दाबायला वापरलं. गल्लीकोच म्हणताहेत ते हेच.

रानजाई:
एमाबद्दल मी वाचलंय. पुढे तो तिला भेटला आणि तिने त्याला माफही केलं. तिला ते जमलं, मला अजून जमलेलं नाही. पण माझ्या मुलीला ही गोष्ट सांगेन तेव्हा दोन्ही सांगेन. त्याचं नाव मात्र गाळणार नाही.

चारमिनारकर:
आधी 'बदनाम' कोण हे कोण ठरवणार? आम्ही हैदराबादचे मराठी, भारताचा कप्तान राहिलेल्या अझरुद्दीनच्या मनगटी फलंदाजीवर जीव टाकणारे. पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं. त्याच फिक्सिंगच्या प्रकरणातून डिसेंबर 2000 मध्ये बीसीसीआयने आजन्म बंदी घातली आणि 99 कसोटींवर गाडी थांबली. 2012 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. तोवर बारा वर्षं गेली होती. क्रोनिएने स्वतः कबूल केलं, ते वेगळं. पण सगळ्यांना एका पोत्यात भरू नका. भिंतीवरचा फोटो उतरवायला एक मिनिट लागतं, परत लावायला कुणी येत नाही.

गल्लीकोच:
हे मान्य. म्हणूनच मी क्रोनिएपुरतंच बोलतोय. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

जोबर्गकर:
अकरा वर्षं जोहान्सबर्गला आहे. 2004 मध्ये इथल्या सरकारी वाहिनीने 'थोर दक्षिण आफ्रिकन' कोण यावर लोकांची मतं मागवली होती. क्रोनिए अकरावा आला! बंदीनंतर आणि 2002 मध्ये जॉर्ज गावाजवळ विमान डोंगरावर आदळून तो बत्तिसाव्या वर्षी गेल्यानंतरचं हे. ब्लूमफाँटेनचे माझे एक गोरे शेजारी आजही त्याचं नाव निघालं की डोळे पुसतात. ते ढोंग नाही. सगळं राष्ट्र बघत असताना त्याने चूक कबूल केली आणि शिक्षा भोगली, असं ते म्हणतात.

पण ऑफिसातला माझा एक मित्र केपचा, कलर्ड म्हणजे मिश्रवंशीय समाजातला आहे. तो वेगळंच बोलतो. गिब्ज आणि विल्यम्स दोघेही त्याच समाजातले. वर्णभेद संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती, संघात त्यांच्यासारखे मोजकेच होते. मित्राचा प्रश्न असा, की पैशाची पक्की बोली घेऊन कप्तान नेमका त्यांच्याकडेच का गेला? कॅलिस, बाउचर, क्लूसनर या गोऱ्या खेळाडूंजवळ त्याने विषय काढला होता तो थट्टेच्या सुरात, त्यांनी उडवून लावला. विल्यम्स त्यानंतर देशाकडून पुन्हा खेळला नाही. गिब्ज कितीतरी वर्षं भारतात यायला घाबरत होता. शेजारी आणि मित्र, दोघांच्याही घरी मी जेवतो. मला विचाराल तर मित्राचं मला जास्त पटतं.

लाल माती:
जोबर्गकर, हे मला माहीत नव्हतं. पण मग परत यायची वाट कायमची बंद का? ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कप्तान स्टीव्ह स्मिथ बघा. 2018 मध्ये केपटाऊनला सॅंडपेपरनं चेंडू घासून बिघडवायचं प्रकरण झालं, वर्षभर बंदी, विमानतळावर रडला. 2019 ला इंग्लंडमधल्या अॅशेस मालिकेत एजबॅस्टनला प्रेक्षक हुर्यो करत होते आणि त्यानं 144 आणि 142 केल्या. चार कसोटींत 774. पडलेला गडी कसा उठतो हे पोरांना शिकवायचं नाही का?

गल्लीकोच:
शिकवायचं, जरूर. स्मिथला वाट मिळाली आणि त्याने ती चालून दाखवली. क्रोनिएला मिळालीच नाही, याचं मलाही वाईट वाटतं. पण त्या केपटाऊनच्या मैदानावर सॅंडपेपर कुणाच्या हातात होता? कॅमेरॉन बॅनक्रॉफ्टच्या. कसोटीत येऊन त्याला चारच महिने झाले होते. चेंडू घासायला उपकप्तान वॉर्नरने सांगितलं, कप्तान स्मिथने बघून न बघितल्यासारखं केलं. इथेही काम नवख्यावरच आलं.

माझ्या पोट्ट्यांतला एखादा उद्या कप्तान होईल, बाकी दहा जण त्याच्या हाताखाली खेळतील. मला त्या दहांची काळजी आहे. कप्तानाचं ऐकायचं हे आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून घोटवतो. कधी ऐकायचं नाही, हे कधी सांगितलंच नाही.

येत्या रविवारी मी त्या ज्येष्ठ प्रशिक्षकांसमोरच ही गोष्ट पुन्हा सांगणार आहे, हॉटेलच्या त्या खोलीत बसलेल्या गिब्जच्या बाजूने. एका पालकाचा फोन आलाय, एवढ्या लहान मुलांना फिक्सिंग वगैरे कशाला म्हणून. त्यांनाही मैदानावर बोलावलंय.

लाल माती:
सांगा. फक्त त्याचे 27 विजय गाळू नका.

गल्लीकोच:
नाही गाळणार. ते सांगितले नाहीत तर गिब्ज 'हो' का म्हणाला हेच पोट्ट्यांना कळणार नाही.