दीड टीबी फोटो-व्हिडिओसाठी स्वस्त दोन डिस्कचा नॅस: काय बघून घ्यावा?

खाडीकाठ
घर चिपळूणला. दोन लॅपटॉप, तीन फोन, सगळ्यांचे फोटो-व्हिडिओ मिळून दीड टीबी. ते एका जागी, नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा) ठेवायचेत आणि टीव्हीवरही दिसायला हवेत. बजेट बेताचं. ऑनलाइन ‘टू-बे एनक्लोजर’ (दोन डिस्क बसणारा डबा) शोधलं की एक यूएसबी-सीवालं स्वस्तात मिळतं, दुसरं लॅन पोर्टवालं बरंच महाग. दोन्हींवर ‘रेड’ (अनेक डिस्क मिळून एक म्हणून वापरायची पद्धत) छापलंय. मग जास्तीचे पैसे कशाचे? पावसाळ्यात वीज दिवसातून तीन-चारदा जाते, तेही धरून सांगा.

तारजोड
स्वस्तवालं नॅस नाहीच. तो नुसता डबा आहे: सॅटा डिस्क यूएसबीला जोडणारी एक चिप आणि पंखा. त्याला सतत चालू असलेला कॉम्प्युटर लागतो. नॅसमध्ये स्वतःचा प्रोसेसर, रॅम आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, म्हणून लॅपटॉप बंद असला तरी फोनवरून फोटो चढतात.

यूएसबी डब्यातल्या छापील ‘रेड’पासून जरा सांभाळून. ते रेड त्या चिपच्या पद्धतीने बांधलेलं असतं. डबा मेला तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर वाचली जाईलच असं नाही. सिनॉलॉजीसारख्या नॅसमध्ये लिनक्सचंच सॉफ्टवेअर रेड असतं. डबा गेला तरी उबुंटू लिनक्सच्या कॉम्प्युटरला डिस्क जोडून डेटा काढता येतो.

राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावायचा मोह टाळा. बऱ्याच जुन्या राउटरना शेअरिंगचा एसएमबी-१ हा जुनाट प्रोटोकॉलच येतो आणि विंडोज १० ने २०१७ नंतर तो मुळात बंद ठेवलाय.

खरेदीआधी घरचं नेटवर्क तपासा. राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर सेकंदाला ११-१२ एमबीच जातात, गिगाबिट असतील तर ११०च्या आसपास. दीड टीबी पहिल्यांदा चढवायला गिगाबिटवर चार तास, शंभरवर दीड दिवस. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. एखादी तार क्रिंप करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) सुटली तर केबल ‘चालते’, पण गुपचूप शंभरवर उतरते. नवीन नॅस मंद वाटला तर दोष बहुतेक इथेच सापडतो.

चुंबकपट्टी
मॉडेलवर घासाघीस करण्यापेक्षा डिस्क नीट निवडा.

एसएमआर डिस्क घेऊ नका. तिच्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून सलग लिहिताना ती ठणठणीत वाटते आणि रेड पुन्हा बांधताना रांगायला लागते. सीगेट बॅराकुडाच्या ४ आणि ८ टीबीच्या डेस्कटॉप डिस्क (मॉडेलच्या शेवटी ‘डीएम००४’) एसएमआरच आहेत. वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या साध्या ‘रेड’मध्येही एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. (हा रेड लाल रंगाचा, वरचा रेड वेगळा. नावं ठेवणाऱ्यांना दंडवत.) ‘रेड प्लस’ किंवा सीगेट ‘आयर्नवुल्फ’ घ्या, दोन्ही सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या.

तुम्हाला ४ टीबीच्या दोन, रेड-१ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा). कॉम्प्युटरवर ३.६ टीबी दिसतील, गोंधळू नका.

नॅस म्हणून सिनॉलॉजी डीएस२२३जे पुरेल: १ जीबी रॅम, एक गिगाबिट पोर्ट. त्यात बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम नाही, म्हणजे स्नॅपशॉट (फोल्डरची आधीची स्थिती परत आणायची सोय) नाहीत. चुकून खोडलेल्या फाइलसाठी शेअर्ड फोल्डरचा रिसायकल बिन चालू करा. स्नॅपशॉट हवेतच तर डीएस२२३, २ जीबीवाला. फोटोंचे थंबनेल आणि चेहरे ओळखणं पहिले काही दिवस चालतं, तेवढा काळ तो मंदच वाटेल. टीव्हीला फाइल जशीच्या तशी वाजवता येत असेल तर डीएलएनए (नेटवर्कवरून टीव्हीला फाइल पुरवायची पद्धत) पुरे. प्लेक्स या अ‍ॅपवरून व्हिडिओचा फॉरमॅट चालता चालता बदलून घेणं मात्र या प्रोसेसरला झेपत नाही.

खाडीकाठ
आभार. रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर पडून आहे, जुना डेस्कटॉपही आहे. त्यांच्यावर भागेल का?

खटपट्या
डेस्कटॉपचं आधी वीजबिल मांडा. नुसता बसून ६० वॅट खाल्ले तर वर्षाला ५२५ युनिट. दोन डिस्कचा छोटा नॅस सरासरी १५ वॅट धरला तर १३१. चारशे युनिटचा फरक तुमच्या स्लॅबच्या दराने गुणा.

पायवर होतं, पण चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, फिरायला सुरुवात करताना एकेक डिस्क दोन अँपिअरपर्यंत ओढते. म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेलाच डबा, दोन डिस्कसाठी १२ व्होल्ट ५ अँपिअर. अडॅप्टर अशक्त असला तर डिस्क टिकटिक करत पुन्हा पुन्हा सुरू होते आणि लोक डिस्कला दोष देतात.

यूएसबीवर रेड बांधू नका. चिप क्षणभर रीसेट झाली की डिस्क रेडमधून बाहेर. त्यापेक्षा दोन वेगळ्या डिस्क आणि रात्री आरसिंक या प्रोग्रामने एकीवरून दुसरीवर कॉपी.

तुमच्याकडे वीज जाते म्हणून एक खास तपासणी: बरेच यूएसबी डबे वीज परत आल्यावर आपोआप चालू होत नाहीत, बटण दाबावं लागतं. तसला परत पाठवा.

तारजोड
विजेचं मग राहूनच गेलं. ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस नॅस आणि राउटरला भरपूर होतो, पण मागे यूएसबी डेटा पोर्ट आहे ना ते बघा. स्वस्तातल्या बऱ्याचशांना नसतो. तो असेल तर केबल नॅसला लावा आणि सेटिंगमध्ये यूपीएस सपोर्ट चालू करून ‘पाच मिनिटांनी सेफ मोड’ द्या, म्हणजे नॅस नीट काम थांबवतो. वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायचा पर्यायही तिथेच हार्डवेअरखाली. राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस चालणार नाही, डिस्क फिरायला लागताना तो बसतो.

रेड-१ म्हणजे बॅकअप नव्हे. खोडलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. तिसरी, बाहेरची यूएसबी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा कॉपी करा आणि काढून ठेवा. तुमच्या गावात पुराची भीती, तेव्हा वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी.

राउटरवर पोर्ट उघडून नॅस इंटरनेटवर सोडू नका. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ डिस्क बाहेरून रीसेट होऊन कोऱ्या झाल्या, जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर ‘डेडबोल्ट’ हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला. बाहेरून हवं असेल तर टेलस्केल (आपली उपकरणं खाजगी जाळ्यात जोडणारं अ‍ॅप) टाका, तुमचं कनेक्शन सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता) असलं तरी चालतं.