लेखक भेटीला येतायत आणि पुस्तकात चुका दिसल्यात. सांगायचं कसं?

तलावपाळी_वाचक
जय ख्रिस्त. ठाण्यात आमचा वाचकगट आहे, वीसेक जण, कॅथलिक आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रॉटेस्टंट) दोन्हीकडची मंडळी. पुढच्या महिन्यात वसईहून एक लेखक गप्पांसाठी येतायत. दहा आज्ञांवरचं त्यांचं चिंतनपर पुस्तक बहुतेकांनी वाचलंय. गटातल्या एका काकांनी चुकांची यादी काढली आहे:

१. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आठवी आज्ञा म्हटली आहे, ती नववी.
२. ‘हे देवा, माझ्यावर कृपा कर’ याला स्तोत्र ५१:३ असा संदर्भ दिलाय. आमच्या बायबलात ते ५१:१.
३. ‘पैसा हे सर्व पापांचं मूळ, असं पौल म्हणतो.’
४. मृतांसाठी प्रार्थनेवर अख्खं प्रकरण आहे, त्याला शास्त्राचा आधार नाही.

काकांना यादी आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आहे, मग कार्यक्रमात वाचून दाखवायची आहे. काही म्हणतात, पाहुण्यांसमोर हा विषयच नको. मत्तय १८ प्रमाणे आधी एकांतात सांगावं का? आणि कुणीतरी पुस्तकाचा पीडीएफ ग्रुपवर टाकलाय, त्याचं काय करायचं?

दुसरी_आवृत्ती
आधी यादीच तपासा. चारांत खरी चूक एकच आहे.

निर्गम २० मध्ये आज्ञांना क्रमांक नाहीत, ते परंपरेनं आले. कॅथलिक आणि लूथरन मोजणीत ‘दुसरे देव नसावेत’ आणि मूर्तींची मनाई मिळून पहिली आज्ञा होते, आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन भागांत मोडते. म्हणून खोटी साक्ष आठवी. अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मोजणीत मूर्तींची आज्ञा वेगळी, दुसरी. त्यामुळे पुढचं सगळं एकानं सरकतं. लेखक कॅथलिक असतील तर आठवीच लिहिणार.

स्तोत्र ५१ चंही तेच. दावीद, नाथान आणि बथशेबा यांचा उल्लेख असलेलं वरचं शीर्षक हिब्रूत पहिलं आणि दुसरं वचन म्हणून मोजतात. काही भाषांतरं तोच क्रम ठेवतात, काही शीर्षकाला क्रमांकच देत नाहीत. जुन्या लॅटिन परंपरेत तर हे स्तोत्रच ५० वं. पुस्तकाच्या सुरुवातीला कुठलं भाषांतर वापरलंय ते बघा. तिथे काहीच नसेल, तर ‘भाषांतराचं नाव द्यावं’ एवढी सूचना रास्त आहे.

तिसरी मात्र चूकच. १ तीमथ्य ६:१० मध्ये दोष द्रव्याच्या लोभाला दिलाय, द्रव्याला नाही. दहा आज्ञांवरच्या पुस्तकात ही चूक महागात पडते, कारण लोभाच्या आज्ञेचा अर्थच तिथे घसरतो.

चौथा मुद्दा मतभेदाचा आहे. मृतांसाठी प्रार्थनेचा मुख्य आधार २ मक्काबी १२ मध्ये येतो. तो ग्रंथ ७३ पुस्तकांच्या कॅथलिक बायबलात आहे, ६६ पुस्तकांच्या प्रॉटेस्टंट बायबलात नाही. काकांना त्यांच्या बायबलात तो सापडणार कसा? नीतिसूत्रे १८:१३ (ऐकून घेण्याआधी उत्तर देणं) ही यादी करतानाच आठवायला हवं होतं.

मुद्रितशोधक_वाशी
मत्तय १८:१५ इथे सरसकट लागू होत नाही. ते भावानं अपराध केल्याबद्दल आहे. छापलेलं पुस्तक चारचौघांत आलेलं असतं, त्यावर चारचौघांत परीक्षण लिहायला आडकाठी नाही. अंत्युखियात काही यहूदी आल्यावर पेत्र यहूदीतरांबरोबर जेवणं टाळू लागला. हे वागणं सगळ्यांदेखत होतं, म्हणून पौलानं त्याला सगळ्यांदेखतच अडवलं (गलतीकरांस २:११–१४). धर्मसुधारक मार्टिन लूथरनंही १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत (धर्मशिकवणीच्या पुस्तकात) खोट्या साक्षीच्या आज्ञेखाली हाच भेद केलाय: झाकला दोष झाकून सांगा, उघडा दोष उघडपणे.

पण अपुल्लोस हा उपदेशकही सभास्थानात उघडच बोलत होता, तरी अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्यानं त्याला आपल्याकडे नेऊन नीट समजावलं (कृत्ये १८:२६). पेत्राचं ढोंग होतं, अपुल्लोसाचं ज्ञान अपुरं होतं. तुमचा तिसरा मुद्दा अपुल्लोसासारखा आहे. त्याला खासगी पत्र पुरे.

ग्रुपवर आधी टाकल्यानं काय होतं ते ऑगस्टीन आणि जेरोम या प्राचीन चर्चच्या दोन संत-लेखकांच्या पत्रव्यवहारात दिसतं. गंमत म्हणजे वाद गलतीकरांस २ वरच होता. जेरोमनं लिहिलं होतं की पेत्र आणि पौल यांचं भांडण दिखाऊ होतं. ऑगस्टीननं आक्षेप घेणारं पत्र धाडलं, पण बेथलेहेमला जेरोमच्या हाती पडण्याआधी त्याच्या नकला इटलीकडे फिरू लागल्या. जेरोमला सहीविना एक नक्कल मिळाली आणि तो भडकला: माझ्याशी बोलायच्या आधी जगाशी? ऑगस्टीनला खुलासे करण्यात आणि माफी मागण्यात पुढची पत्रं घालवावी लागली. मूळ मुद्द्यात त्याचं म्हणणं वजनदार होतं, तरी कितीतरी काळ चर्चा झाली ती पत्र कुणी फोडलं याचीच.

कोपरीकर
मुद्रितशोधक, परीक्षणाचं पटलं. पण व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे परीक्षण नाही. परीक्षणाखाली नाव असतं, लेखक ते वाचतो, उत्तर देतो. ग्रुपवर लेखक नसतो आणि तिसऱ्या मेसेजला विषय पुस्तकावरून माणसावर येतो. ‘संदर्भ चुकलाय’ हे पुस्तकाबद्दल झालं, ‘यांना बायबल येत नाही’ हे माणसाबद्दल. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २४७७ वा परिच्छेद सबळ कारणाशिवाय दुसऱ्याचे खरे दोष सांगत सुटण्यालाही दोष म्हणतो. पुढच्याच परिच्छेदात संत इग्नेशियस यांचा नियम येतो: समोरच्याच्या विधानाचा आधी चांगला अर्थ लावून बघा. नाही लागला तर त्याला काय म्हणायचंय ते विचारा. तरीही चुकत असेल तर प्रेमानं दुरुस्त करा. काकांनी मधली पायरी गाळली आहे, विचारायची.

दुसरी_आवृत्ती
पत्र कसं असावं ते सांगतो. एक पान, त्यात पुस्तकाची आवृत्ती आणि वर्ष, पान क्रमांक, वरून कितवी ओळ, छापलेलं वाक्य जसंच्या तसं, सुचवलेली दुरुस्ती, आधार. पुस्तकातलं काय उपयोगी पडलं तेही लिहा, पण खरंच पडलं असेल तरच. पत्रात पेरलेली खोटी स्तुती लगेच कळते. ‘आपल्यासारख्या अभ्यासकाकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य हमखास येतं, ते काढा. पत्र कार्यक्रमाच्या निदान दोन आठवडे आधी पोचावं, आदल्या रात्री नको.

चौथा मुद्दा दाबू नका, तोच कार्यक्रमाचा गाभा होऊ शकतो. लेखकांना आधी कळवा आणि प्रश्न असा ठेवा: ‘ज्यांच्या बायबलात मक्काबी नाही, त्यांनी हे प्रकरण कसं वाचावं?’ प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, सूत्रसंचालकानं वाचावेत. माईक फिरवला की कुणीतरी ‘प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो’ म्हणून दहा मिनिटं खातो. मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवा. घोडबंदर रोडवरून परतायचं असेल तर कार्यक्रम वेळेत संपवणं हाही मान राखण्याचाच भाग आहे.

पीडीएफ आजच काढायला लावा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. कलम ५२ टीका-परीक्षणासाठी उतारे वापरू देतं, अख्खं पुस्तक वाटू देत नाही. ॲडमिनला मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण फोनमध्ये उतरलेली फाइल राहू शकते, तेव्हा तसं स्पष्ट लिहा. पाच प्रती विकत घेऊन आळीपाळीनं वाचा, त्याला कुणाची हरकत नाही. मजूर मजुरीस पात्र (लूक १०:७) हे लेखकालाही लागू आहेच.

तलावपाळी_वाचक
काकांना पहिले दोन मुद्दे दाखवतो. लेखक पत्रावर रागावले तर?

मुद्रितशोधक_वाशी
तुम्ही पुन्हा लिहू नका. लेखकाचंही कर्तव्य आहे: मतावर वाद घालायची गरज नाही, पण चूक कळल्यावर शुद्धिपत्राची चिठ्ठी घालायची किंवा पुढच्या आवृत्तीत सुधारायचं. ऑगस्टीननं उतारवयात, ४२६–२७ च्या सुमारास, स्वतःचे ९३ ग्रंथ क्रमानं घेऊन कुठे काय चुकलं ते लिहून ठेवलं. आणि उत्तर आलं, गोड असो की कडू, तर त्यांना विचारल्याशिवाय ते ग्रुपवर टाकू नका.