मदत हवी आहे: बरही खजुराचा पाक, चोथा आणि बियांची पूड – औषधी गुणांबद्दल नेमके किती सांगता येईल?

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्या भावाने सोलापूर जिल्ह्यातील आमच्या शेतावर ऊतिसंवर्धित रोपांपासून बरही खजुराची बाग उभी केली आहे आणि ती आता चांगली फळे देऊ लागली आहे. मी स्वतः नोकरीनिमित्त ओमानच्या शर्किया भागात राहते. येथे खजूर हे रोजचे अन्नही आहे आणि घरगुती औषधही, त्यामुळे या फळाबद्दलचे प्रश्न भाऊ माझ्याकडे पाठवतो. त्यांपैकी काहींची उत्तरे मला मिळाली आहेत, काही अजूनही अडली आहेत. ती अडलेली येथे मांडत आहे.

मूळ अडचण पावसाची आहे. बरहीचे फळ पिवळे आणि कुरकुरीत असतानाच गोड लागते, कारण इतर बहुतेक जातींच्या मानाने त्या अवस्थेत त्याचा तुरटपणा फार कमी असतो. या अवस्थेला अरबीत खलाल आणि कच्छमध्ये डोका म्हणतात. आखाती देशांत हेच फळ कोरड्या उन्हाळ्यात झाडावर पुढे पिकते, मऊ होऊन रुतब बनते आणि शेवटी सुकून तमर, म्हणजे आपल्या ओळखीचा खजूर, होते. आपल्याकडे मात्र फळ भरण्याच्या सुमारास पावसाळा सुरू होतो. कच्छमध्येही, जेथील खारेकला (तेथे ताज्या खजुरालाच खारेक म्हणतात) जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बहुतांश फळ याच कारणामुळे डोका अवस्थेत विकले जाते. भावाचे चांगले घड ताजे विकले जातात, परंतु पावसाने तडकलेली आणि आकाराने लहान राहिलेली फळे उरतात. त्यांपासून पाक काढावा, पाक गाळल्यावर उरणारा चोथा वाळवून त्याचे पीठ करावे आणि बिया भाजून त्यांची कॉफीसारखी पूड करावी, असा त्याचा विचार आहे.

पाकाची कल्पना या प्रदेशात फार जुनी आहे. त्याला येथे दिब्स म्हणतात आणि दिसायला तो आपल्या काकवीसारखा असतो. ओमानमधील जबरीनसारख्या किल्ल्यांत खजुराची पोती एकावर एक रचण्यासाठी पन्हळीच्या जमिनीची खास खोली असे. पोत्यांच्या स्वतःच्या भाराने पाझरलेला रस त्या पन्हळींतून वाहत खालच्या भांड्यात जमा होई. या खोलीला मदबसा म्हणतात, आणि बहरीनच्या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननातही मदबसा सापडल्या आहेत. आजच्या कारखान्यांत खजूर गरम पाण्यात भिजवून, फळाचा गर सुटावा म्हणून पेक्टिनेजसारखे विकर (एन्झाइम) घालून, रस गाळून आणि निर्वातात आटवून विद्राव्य घटक सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आणले जातात. हे तंत्र मला समजते. मला घोर लागला आहे तो त्यापुढच्या गोष्टीचा.

माल घेण्यास तयार असलेल्या एका व्यापाऱ्याने भावाला सुचवले आहे की पाकाच्या बाटलीवर "मधुमेहींसाठी सुरक्षित" आणि "रक्तवाढीसाठी उत्तम" असे छापावे, तर बियांच्या पुडीवर "साखर नियंत्रणात ठेवते" असे लिहावे. आमच्या आईलाच मधुमेह आहे. जे आईच्या हातात निःशंकपणे देता येणार नाही, ते दुसऱ्याच्या आईला विकू नये, असे मी भावाला स्पष्ट सांगितले आहे आणि त्यालाही ते पटले आहे. तरी खरे काय आणि अतिशयोक्ती काय, हे नीट ठरवता यावे म्हणून मी जे वाचले ते मांडते. कोठे चुकत असेन तर कृपया दुरुस्त करावे.

मधुमेहाबद्दलचा ज्या अभ्यासाचा सर्वत्र दाखला दिला जातो, तो संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फरद, लुलू, बूमान, दब्बास आणि खलास या पाच जातींचा ग्लायसेमिक निर्देशांक (अन्नाने रक्तातील साखर किती वाढते याचे माप) निरोगी व्यक्तींमध्ये ४६ ते ५५ आणि टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये ४३ ते ५३ इतका, म्हणजे कमी, आढळला. परंतु त्यात निरोगी व्यक्ती केवळ १३ आणि मधुमेही केवळ १० होते, त्या मधुमेहींची साखर बरीच आटोक्यात होती, आणि सर्वांनी अख्खे फळ चावून खाल्ले होते. बरही त्या यादीत नाही आणि पाक तर नाहीच. जो निष्कर्ष तंतूंसह खाल्लेल्या फळाचा आहे, तो तंतू गाळून टाकलेल्या पाकाला चिकटवणे मला अयोग्य वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मध, फळांचे रस आणि पाक यांतील साखर ही मुक्त साखर म्हणूनच धरली आहे, आणि ती दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी असे सांगितले आहे. २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा ५० ग्रॅम होते.

रक्तवाढीचा दावा तर आपल्या घराघरांत रुजलेला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत मेजूल खजुराच्या १०० ग्रॅममध्ये लोह साधारण ०.९ मिलिग्रॅम दिले आहे, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवे असते. दोन-चार खजुरांनी हे अंतर भरून निघणार नाही. त्याच १०० ग्रॅममध्ये पोटॅशियम सुमारे ७०० मिलिग्रॅम आणि तंतू जवळजवळ ७ ग्रॅम आहेत, आणि मला वाटते खजुराचे खरे बळ तेथे आहे.

बियांच्या बाबतीत मात्र मला आशा वाटते. ओमानच्याच मबसली, उम्म सल्ला आणि शहल या जातींच्या बियांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तंतूंचे प्रमाण ७८ ते ८० टक्के आणि फिनॉलिक संयुगांचे (वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट गटाचे) प्रमाण दर १०० ग्रॅममागे ३ ते ४.४ ग्रॅम आढळले, जे गराच्या तुलनेत कितीतरी जास्त आहे. म्हणजे शरीराला उपयोगी पडू शकणारी संयुगे आपण फेकतो त्या भागात एकवटलेली आहेत, आणि बाटलीत भरतो ती मुख्यतः साखर आहे. हे मला या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. तरीही बियांमध्ये फिनॉलिक संयुगे आहेत, एवढ्यावरून बियांची पूड माणसाची साखर कमी करते असे सिद्ध होत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. खलाल अवस्थेतील तडकलेल्या फळापासून थेट चांगला पाक निघतो का, की ते आधी पिकवून घ्यावे लागते? बियांची पूड विकण्यासाठी वेगळी परवानगी लागते का? आयुर्वेदात खर्जूराचा उल्लेख आहे, तो वेष्टनावर प्रामाणिकपणे कसा वापरता येईल? आणि चोथ्याच्या पिठाचा कोणी प्रत्यक्ष वापर केला आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी अन्नप्रक्रिया क्षेत्रात काम करतो, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

खलाल अवस्थेत फळातील साखर बरीचशी सुक्रोजच्या रूपात असते. फळ मऊ पडू लागले की त्यातीलच इन्व्हर्टेज हे विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करते, आणि तुरट चव देणारे विरघळणारे टॅनिन अविद्राव्य होऊन तुरटपणा जातो. म्हणून पाकासाठी फळ आधी रुतब करून घेणे श्रेयस्कर. झाडावर ते शक्य नसेल, तर खलाल फळ गोठवून पुन्हा सामान्य तापमानाला आणण्याची पद्धत बरहीसाठी वापरली जाते. गोठल्यामुळे पेशी फुटतात, विकरे मोकळी होतात आणि फळ तपकिरी, मऊ होते. मात्र तडकलेले फळ त्याच दिवशी धुऊन, निवडून शीतगृहात जायला हवे. भेगेत बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला, तर ते फळ बाजूलाच टाकावे. उकळल्याने बुरशी मरते, पण तिने तयार केलेली विषे तशीच राहू शकतात.

पाक उघड्या कढईत जास्त वेळ आटवू नका. रंग काळपट होतो, चव करपट होते आणि हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल (साखर फार तापल्यावर तयार होणारे रसायन) वाढते. ते किती झाले आहे, हे प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. लहान प्रमाणावर निर्वात यंत्र परवडत नसेल, तर थोडा थोडा रस पसरट भांड्यात आटवणे बरे.

बियांचा हिशेब भावाला आधीच करायला सांगा. ताजे विकलेले फळ बियांसकट ग्राहकाकडे जाते, त्यामुळे प्रक्रियेसाठी ठेवलेल्या फळाच्याच बिया हाती राहतील, आणि फळाच्या वजनात बियांचा वाटा साधारण दहावा हिस्सा धरावा. बी अतिशय कठीण असते. भाजून ठिसूळ केल्याशिवाय ती घरगुती चक्कीत घालू नये. बियांचे तेल काढण्याच्या फंदात पडू नका. तेलाचे प्रमाण थोडे असते आणि लहान घाण्यावर ते परवडत नाही.

परवानगीबद्दल सांगायचे, तर पाक आणि खजुराचे इतर पदार्थ नेहमीच्या अन्न परवान्यावर करता येतात. बियांची पूड हा भारतात रूढ असलेला खाद्यपदार्थ मानला जाईल की नाही, हे मात्र २०१७ च्या अविनिर्दिष्ट (ज्यांची मानके ठरलेली नाहीत अशा) अन्नपदार्थांच्या नियमांच्या आधारे उत्पादनापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. व्यापाऱ्याने सुचवलेली वाक्ये छापण्याचा विचार अजिबात करू नका. मधुमेह बरा होतो किंवा आटोक्यात राहतो अशा जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानेच बंदी आहे, आणि २०१८ चे जाहिरात व दाव्यांचे नियम अन्नपदार्थांना वेगळे लागू आहेत. "साखर घातलेली नाही" असे लिहिण्याआधी त्या नियमांतील अटी वाचा, आणि साखर नैसर्गिकरीत्या भरपूर आहे हे बाटलीवर ठळकपणे लिहा.

प्रतिसाद २

मी आयुर्वेदाची चिकित्सक आहे. चरकसंहितेत श्रमहर म्हणून सांगितलेल्या दहा द्रव्यांत द्राक्षा, दाडिम, इक्षु यांच्याबरोबर खर्जूर येते, आणि मद्यपानाने झालेल्या विकारांसाठी खर्जूरादि मंथ सांगितला आहे. मंथामध्ये फळ पाण्यात घुसळून, इतर आंबट फळांसह दिले जाते. हा उल्लेख थकवा घालवणाऱ्या पौष्टिक फळाचा आहे. त्यावरून मधुमेहाला आधार शोधता येत नाही, उलट मधुर आणि गुरु द्रव्य म्हणून प्रमेहात, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांत, आम्ही ते जपूनच देतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या लाडवात खारीक पडते, ती याच बृंहण, म्हणजे शरीराचे पोषण करणाऱ्या, गुणासाठी. वेष्टनावर ग्रंथाचे नाव टाकले की पदार्थ अन्न न राहता औषध म्हणून पाहिला जाऊ शकतो, म्हणून मी असते तर ते टाकले नसते.

एक गोष्ट आवर्जून सांगते. तुमच्या आईंना मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पोटॅशियममुळे खजूर किती खायचा हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पुरुषांच्या वंध्यत्वासाठी नर फुलांचा पराग खाण्याची प्रथा अरब देशांत आहे आणि बागेत हाताने परागीभवन करावे लागत असल्याने तो तुमच्याकडेही असेल, परंतु तो विकू नका. खजुराचा पराग हा ओळखला गेलेला अॅलर्जीकारक आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आईच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या सुदैवाने ठीक आहेत, तरी तिच्या डॉक्टरांना विचारूनच तिच्या आहारात एखादे अख्खे फळ ठेवू. पाक तिच्यासाठी नाही, हे तिलाही सांगितले आहे.

भावाशी सविस्तर बोलणे झाले. बाटलीवर फक्त "खजुराचा पाक", घटक, साखरेचे प्रमाण आणि "नैसर्गिक साखर असते" एवढेच असेल. व्यापाऱ्याला ते मान्य नसेल, तर माल स्वतः विकण्याची त्याची तयारी आहे. बियांची पूड लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबवली आहे.

माझ्या येथील शेजारच्या गावांत मबसली फळे खलाल अवस्थेत मोठ्या हंड्यांत उकळून उन्हात वाळवतात. त्या मालाला बुसूर म्हणतात आणि तो फार पूर्वीपासून भारतात येतो. आपण त्यालाच खारीक म्हणून ओळखतो. बरहीपासून अशी खारीक चांगली होत नाही, असे येथील बागायतदार सांगतात, म्हणून तो मार्ग सोडला आहे. आता दोनच गोष्टी अडल्या आहेत. गोठवून मऊ केलेल्या बरहीचा पाक महाराष्ट्रात किंवा कच्छमध्ये कोणी प्रत्यक्ष काढला असेल, तर गोठवण्याचा कालावधी आणि मिळालेला उतारा (किती फळातून किती पाक) कृपया कळवावा. आणि चोथ्याचे पीठ गव्हाच्या पिठात किती प्रमाणात मिसळल्यास भाकरी किंवा बिस्किटे तुटत नाहीत, हे कोणी करून पाहिले असल्यास तेही लिहावे. फळांचा पुढचा बहर येण्याआधी भावाला शीतगृहातील जागा ठरवायची आहे.