शब्दचर्चा: 'पॅराम' आणि 'विथ-पॅराम', दोन्हींना 'प्राचल'च म्हणायचं का?

प्रश्न: एक्सएसएलटीवर (एक्सएमएल दस्तऐवजाचं रूपांतर करणारी भाषा) मराठीत टिपण लिहितोय. टेम्प्लेटला 'साचा' खपून जातो. पण पॅराम आणि विथ-पॅराम दोन्हींना 'प्राचल' (पॅरामीटर) लिहिलं की वाचणारा गोंधळतो. काय करावं?

— 'प्राचल' फक्त पॅरामला ठेवा. ती साच्याच्या आत, अगदी सुरुवातीला जाहीर केलेली जागा. विथ-पॅराम म्हणजे कॉल करताना त्या जागेसाठी पाठवलेलं मूल्य; 'दिलेलं मूल्य' पुरे. हा फरक टिपणात ठसवाच, कारण दोन्हीकडची नावं तंतोतंत जुळावी लागतात. १९९९च्या १.० आवृत्तीत पॅराम 'रंग' आणि पाठवलं 'रंगा', तर प्रोसेसर हूं की चूं करत नाही, पॅराममधलं डिफॉल्ट मूल्य घेऊन पुढे जातो. २००७च्या २.० पासून कॉल-टेम्प्लेटमध्ये (साच्याला नावाने बोलावणारी आज्ञा) असं न जुळणारं नाव आलं की एरर येते.

— 'दिलेलं मूल्य' चालेल, पण ते जिथे लिहितो त्या सिलेक्टमध्ये एक्सपाथ (एक्सएमएलमधले भाग शोधणारी भाषा) असतो हेही लिहा. 'लाल' हा मजकूर पाठवायचा तर दुहेरी अवतरणाच्या आत एकेरी अवतरण हवं. ते राहिलं की 'लाल' नावाचं चाइल्ड एलिमेंट शोधलं जातं, ते नसतं, आणि रिकामा संच पोहोचतो. डिफॉल्टही लागत नाही, कारण पॅरामीटर पाठवलेला आहेच, फक्त रिकामा!

— कॉल-टेम्प्लेटला 'साचा लागू करणे' मात्र नको, ते अप्लाय-टेम्प्लेट्सचं, म्हणजे निवडलेल्या नोडना जुळणारा साचा लावण्याचं. तिथे चालू नोड (दस्तऐवजाचा त्या क्षणी हाताळला जाणारा भाग) बदलतो; कॉलमध्ये कॉल करणाऱ्याचाच राहतो. 'नावाने बोलावणे' बरं. नावही थेट लिहावं लागतं, व्हेरिएबलमधून देता येत नाही.

— २.० मधल्या टनेल पॅरामीटरला 'बोगदा' म्हणायला हरकत नाही. मधल्या साच्यांना न सांगता मूल्य खालपर्यंत जातं. 'टनेल' दोन्ही टोकांना, म्हणजे विथ-पॅराम आणि पॅराम दोन्हींवर, लिहायचं. पॅरामवर राहिलं तर पुन्हा मुकाट्याने डिफॉल्ट.

— व्हेरिएबलला 'चल' म्हणतात, पण इथला चल एकदा ठरला की जागचा हलत नाही. म्हणून मोजणी करायची तर साचा स्वतःलाच बोलावतो आणि एकाने कमी केलेला आकडा पाठवतो. तिथे वजाच्या आधी मोकळी जागा सोडा. नाहीतर 'डॉलर एन वजा एक' ($n-1) हे अख्खं एकाच व्हेरिएबलचं नाव धरलं जातं आणि असं व्हेरिएबल जाहीरच नाही म्हणून एरर येते.