कार्डाचे शेवटचे चार आकडे ॲपला कसे माहीत?

जेलरोडकर_आबा

नमस्कार मंडळी. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. उभा जन्म कागद मोजण्यात गेला. मोजून घ्यायचा, मोजून परत द्यायचा, हिशेब लागल्याशिवाय घरी जायचं नाव नाही. तेव्हा माझा स्वभाव जरा संशयी आहे, सांभाळून घ्या.

परवा किराणा मागवताना ॲपने विचारलं, ४४७१ ने संपणाऱ्या कार्डावरून पैसे भरायचे का? वर बँकेचं नावही बरोबर. हो म्हटलं, तर सीव्हीव्ही, म्हणजे कार्डाच्या मागचा तीन आकडी नंबर, विचारलाच नाही. नुसता ओटीपी आला आणि पैसे गेले. रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना कार्डाचे नंबर ठेवायला बंदी केली, असं २०२२ साली पेपरात वाचलं होतं. मग हे चार आकडे आले कुठून? आणि चार ठेवलेत तर उरलेले बारा ठेवले नसतील कशावरून?

दुसरी भानगड म्हणजे काल रात्री कुठल्यातरी परदेशी साईटवर डॉलरमध्ये पैसे गेले, आपले ७९९ रुपये. ओटीपी नाही, काही नाही, थेट पैसे गेल्याचा मेसेज. सूनबाई म्हणते, मी काही घेतलं नाही. मला तर वाटतं त्या किराणा ॲपमधूनच नंबर फुटला. एरवी मी कार्ड फार जपतो. पेट्रोल पंपावरसुद्धा हातातून सोडत नाही. किराणा, लाइट बिल, आणि मागे चारधामच्या वेळी हॉटेल बुक करायला ट्रॅव्हल्सवाल्याला व्हॉट्सॲपवर कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले होते, तेवढंच. तो ओळखीतला आहे.

ॲप काढून टाकलं तर नंबर पुसला जाईल का?

सिडकोतला_बँकवाला

आबा, पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो, कारण रोज काउंटरवर हेच ऐकतो.

काळाराम मंदिराबाहेर चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो ना? तसंच आहे हे. चप्पल म्हणजे तुमचा सोळा आकडी नंबर. ती बँकेकडे आणि कार्डाच्या नेटवर्ककडे, म्हणजे रुपे, व्हिसा वगैरेंकडे. ॲपच्या हातात फक्त बिल्ला. त्याला टोकन म्हणतात. ते तुमचं कार्ड आणि ते एक ॲप एवढ्याच जोडीला चालतं. उद्या कोणी त्या ॲपमधून टोकन पळवलं, तरी दुसऱ्या दुकानात त्याला कोणी विचारत नाही.

१ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडच्या दुकानदारांना पूर्ण नंबर ठेवता येत नाही, आधीचे साठवलेलेही पुसायला लावले. शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवायला परवानगी आहे, हिशेब जुळवायला. ते तुम्हाला दिसले. सीव्हीव्ही न विचारण्याचं कारणही तेच. 'कार्ड सुरक्षित ठेवा' असं कधीतरी तुम्ही टिक केलं असणार, तेव्हा ओटीपी देऊन टोकन बनलं. आता सीव्हीव्ही लागेलच असं नाही.

ॲप काढून टोकन जात नाही. आधी ॲपमध्ये साठवलेल्या कार्डांच्या यादीत जाऊन ते काढा. किंवा बँकेच्या ॲपमध्ये, नेटबँकिंगमध्ये शोधा. कुठल्या कुठल्या दुकानाला टोकन दिलंय ती यादी दाखवायची आणि तिथून रद्द करू द्यायची, हे बँकेवर बंधनकारक आहे. मी स्वतःची उघडली तेव्हा सात नावं निघाली, त्यातली दोन आठवतसुद्धा नव्हती!

पंचवटी_एक्सप्रेसचा_पासधारक

आबा, रागावू नका, पण किराणा ॲपच्या मागे लागलात आणि खरी गोष्ट 'तेवढंच' म्हणून शेवटी सांगितलीत. दोन्ही बाजूंचे फोटो म्हणजे नंबर, मुदत, नाव, सीव्हीव्ही, सगळंच दिलं की! परदेशी साईट ओटीपी मागेलच असं नाही, तिला एवढं पुष्कळ होतं.

आता चर्चा नंतर. आधी बँकेला फोन लावून कार्ड ब्लॉक करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनलाही कळवा. तीन कामाच्या दिवसांत कळवलं आणि चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तर तुमच्यावर भुर्दंड येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पण गिऱ्हाइकाच्या हलगर्जीपणाने माहिती गेली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान गिऱ्हाइकाचं. आणि फोटो पाठवणं त्यात धरलं जाऊ शकतं. म्हणून उशीर नको.

नवीन कार्ड आलं की आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत ना, ते बघा. ते बटण बँकेच्या ॲपमध्येच असतं.

गंगापूररोडची_मावशी

ब्लॉक कराच, पण फसवणुकीची तक्रार लिहून द्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. सुनेला विचारलंत, नातवंडं आहेत का घरात? आमच्याकडे भाच्याने सात दिवस फुकट म्हणून काहीतरी सुरू केलं होतं, आठव्या दिवशी पैसे गेले. आम्ही बँकेत भांडून आलो आणि घरी येऊन तोंडघशी पडलो. आणि विचारताना ओरडू नका, नाहीतर पोरं बोलत नाहीत.

जेलरोडकर_आबा

उशिरा लिहितोय, माफ करा. मावशी, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

कार्ड त्याच दिवशी ब्लॉक केलं. रविवारी नातवाला घेऊन मिसळ खायला गेलो. नववीत आहे. दुसरा पाव घेतल्यावर म्हणाला, "आबा, ते मीच." फोटो एडिट करायचं काहीतरी होतं, आधी फुकट, मग पैसे. मी म्हटलं, कार्ड तर माझ्या पाकिटात, तुला नंबर कुठून मिळाला? तर म्हणे, "तुमच्याच व्हॉट्सॲपमधून. ट्रॅव्हल्सवाल्या काकांना पाठवलेला फोटो होता ना."

म्हणजे पेट्रोल पंपावर मुठीत धरलेलं कार्ड माझ्याच फोनमध्ये उघडं पडलं होतं. तक्रार मागे घेतली, ७९९ सोडून दिले, आणि ती वर्गणी त्या साईटवर जाऊन नातवाकडूनच बंद करून घेतली.

मग शालिमारला ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेलो. पाठवलेला फोटो त्याच्या बाजूनेही पुसायची मुदत केव्हाच टळली होती. तो म्हणाला, काढून टाकतो, तुम्ही निघा. मी खुर्ची ओढून बसलो. ऑफिसच्या फोनमधून काढला, तर तिथल्या पोराने सांगितलं की कॉम्प्युटरवरही उतरतात. तिथे डाउनलोडचं फोल्डर उघडलं. कोणाचं आधार, कोणाचा पासपोर्ट, मध्येच माझं कार्ड, अंगठ्यासकट. सवयीने मोजले. कार्डांचे सतरा फोटो. माझे दोन माझ्यासमोर पुसले, रिसायकल बिनमधूनही.

उरलेल्या पंधरांचं काय, म्हणून विचारलं. त्याने चहा मागवला.

सिडकोतला_बँकवाला

आबा, चहा झाल्यावर काय म्हणाला?

जेलरोडकर_आबा

सीझन संपला की बघतो म्हणाला. मी गुरुवारी परत जातोय, मोजायला.