पणजोबा एक, मरणाच्या तारखा तीन

ट्रंकेतले_कागद

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातून फौजेत भरती झाले, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले आणि परतले नाहीत. नाव मुद्दाम देत नाही. नाव-आडनाव असं आहे की त्या काळच्या कुठल्याही मराठा पलटणीत हाक मारली असती तर चौघांनी तरी ओ दिली असती.

आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली तेव्हा तीन वस्तू निघाल्या. एक ती गोल थाळी, साधारण 12 सेंटिमीटरची, ब्रिटानिया आणि सिंह असलेली. मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी पाठवायचे ती. घरात तिला 'पितळी थाळी' म्हणतात, खरं तर ती काशाची. त्यावर नाव आहे, हुद्दा नाही, तारीख नाही. पणजीनं ती कित्येक वर्षं लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली होती, असं आजी सांगायची. माप अगदी बरोबर बसायचं म्हणे.

दुसरं, पलटणीच्या डेपोतून आलेलं मराठी पत्र: तुमचा माणूस 'तुर्कांचे कैदेत मुक्काम रसलेन येथे' 10 सप्टेंबर 1916 रोजी मयत. तिसरा, पणजीच्या पेन्शनचा इंग्रजी कागद. त्यावर 23 सप्टेंबर 1916. नंबराची जागा वाळवीनं खाल्लीय.

इथवर ठीक होतं, तेरा दिवसांचा फरक कारकुनाच्या माथी मारता आला असता. पण दोन वर्षांपूर्वी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधलं तर नाव सापडलं ते असं: 110 वी मराठा लाइट इन्फंट्री, बसरा मेमोरियल (ज्यांची कबर ठाऊक नाही अशांचं इराकमधलं स्मारक), मृत्यू 22 नोव्हेंबर 1915. म्हणजे बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईचा पहिला दिवस. वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक, आणि गावाचं स्पेलिंग इतकं मोडकं की आमचं गाव म्हणून खपून जातं.

मी 1915 कडे झुकलो, कारण आमच्याकडे त्यांचं पान पितृपक्षात घातचतुर्दशीला वाढतात. ती तिथी शस्त्रानं गेलेल्यांची. कैदेत आजारानं मेलेल्या माणसाचं पान त्या दिवशी का वाढतील? शिवाय घरात 'जंगी पलटण' असा एक शब्द शिल्लक आहे, म्हणजे लढाईच. दोन वर्षं मी 22 नोव्हेंबरला त्यांचं स्टेटस ठेवतोय. आता मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलं, 'बाबा, नक्की तारीख कुठली?' आणि माझी दातखीळ बसली.

कुठला कागद खरा धरायचा?

कागदकिडा

तुमचे दोन कागद भांडतच नसावेत. 10 आणि 23, बरोबर तेरा दिवस. कारकुनाच्या चुका इतक्या नेमक्या नसतात.

तुर्कांच्या सरकारी कामकाजात तेव्हा रूमी पंचांग चाले. ते आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे असायचं. 1917 साली त्यांनी ते तेरा दिवस गाळले: त्यांच्या 1332 सालच्या 15 फेब्रुवारीनंतर एकदम 1 मार्च 1333 उजाडला. त्यामुळे 1916 मधल्या तुर्की कागदावरचा 10 सप्टेंबर म्हणजे आपला 23 सप्टेंबर. माझा अंदाज असा की कैदेतल्या यादीवरची तारीख डेपोच्या पत्रात जशीच्या तशी उतरली आणि पेन्शनच्या टेबलावर कुणीतरी शहाण्यानं ती बदलून घेतली. उलटं सहसा होत नाही, त्यामुळे मी 23 धरेन.

आणि 'रसलेन' म्हणजे रास अल-ऐन. आज सीरियात, तुर्कस्तानच्या सीमेला लागून. बगदाद रेल्वेचं काम तेव्हा तिथवर आलं होतं. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं, म्हणजे इराकमधल्या त्या गावात तुर्कांनी वेढलेली इंग्रजांची फौज शरण गेली, आणि तिथले हिंदी कैदी बगदादहून समाऱ्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे तिक्रीत, मोसूल, नुसैबिन असे चालवत नेले. त्यातले पुष्कळ रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर लावले. वेढ्यातच उपासमार आणि स्कर्व्ही झालेले लोक होते ते. घोड्याचं मांस बहुतेक हिंदी शिपायांनी अगदी शेवटी शेवटीपर्यंत खाल्लं नव्हतं. सप्टेंबरात तिथे माणूस मरणं यात नवल काही नाही.

1915 च्या नोंदीचं मात्र मला कोडं आहे.

दोन_पट्ट्या

कोडं कसलं त्यात. भाऊ, तुम्ही नाव जुळवलं, नंबर जुळवला का? फौजेत नावाला कोण विचारतो.

त्या वेळी नंबर पलटणीपुरता असायचा. 103 मध्ये जो नंबर, तोच 110 मध्ये दुसऱ्याचा असू शकतो. म्हणून नंबर आणि पलटण दोन्ही एकत्र बघायचं, एकटं काही कामाचं नाही.

दुसरं, तुम्ही 'जंगी पलटण' म्हणजे लढाई असं धरलंत. आमच्या मराठा रेजिमेंटमध्ये जंगी पलटण म्हणजे पहिली बटालियन. 1922 साली पलटणींची फेररचना झाली तेव्हा जुनी 103 वी पहिली झाली, 105 वी दुसरी, ती 'काळी पाचवी', आणि 110 वी तिसरी. घरात जंगी पलटण म्हणत असतील तर माणूस 103 चा असणार, 110 चा नव्हे. गावाकडचे लोक कुठल्याही पलटणीला जंगी म्हणतात हेही खरं, त्यामुळे एवढ्यावर उडी मारू नका.

103, 110 आणि 117, तिन्ही मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. तिन्ही टेसिफोनला लढल्या, तिन्ही कुतमध्ये अडकल्या. एकाच नावाची दोन माणसं दोन पलटणींत असणं अगदी साधी गोष्ट आहे.

घरात चांदीचं मेडल आहे का? थाळीवर काही मिळणार नाही, पण मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं कोरलेलं असतं. भिंग घ्या आणि कड फिरवून बघा. लखलखीत करायला चिंच लावू नका, अक्षरं झिजतात.

ट्रंकेतले_कागद

मेडल आत्याकडे निघालं. नशीब, मोडीत गेलं नाही. आत्याला इंग्रजी येत नाही, म्हणून तिच्या नातवानं मोबाइलच्या उजेडात कडेचे सहा फोटो काढून पाठवले. जोडून वाचलं.

103 मराठाज.

नंबर स्पष्ट आहे आणि तो कमिशनच्या 110 वाल्या नोंदीशी जुळत नाही. म्हणजे दोन वर्षं मी दुसऱ्याच्याच पणजोबांचं स्टेटस ठेवत होतो. बायको हसतेय. मला काही हसू येत नाहीये.

मग संकेतस्थळावर नाव न टाकता फक्त नंबर आणि 103 वी टाकून शोधलं. सापडले. आडनावाचं पहिलं अक्षरच बदललेलं होतं, म्हणून इतकी वर्षं दिसले नाहीत. वडिलांचं नाव बरोबर, गाव ओळखता येतं. मृत्यू 10 सप्टेंबर 1916, पुन्हा बसरा मेमोरियल.

आता फक्त घातचतुर्दशीचं उमगत नाही.

कराडची_लेक

दादा, ते मला उमगतंय. आमच्या आईच्या माहेरी अगदी हेच होतं.

तिथी म्हणजे मरणाची नोंद नव्हे, ती पणजीला काय सांगितलं गेलं त्याची नोंद. आमच्याकडे पलटणीतून परत आलेल्या एका माणसानं घरी येऊन सांगितलं होतं की तुमचा मालक लढता लढता गेला, गोळी लागली, पाणीसुद्धा मागितलं नाही. कागदावर मात्र हगवण. तो माणूस स्वतः त्याच कैदेतून सुटून आला होता, त्याला माहीत नव्हतं असं नाही. दारात तान्हं पोर घेऊन उभ्या असलेल्या बाईला तो काय सांगणार? ती गेली भटजीकडे, गोळीनं गेले म्हणाली, त्यांनी चतुर्दशी धरून दिली.

तुमच्याकडे असंच झालं असेल असं नाही म्हणत मी. पण डेपोचं पत्र पणजीला वाचता येत होतं का, ते कुणी वाचून दाखवलं, हे आत्याला विचारा. तारखेपेक्षा ते महत्त्वाचं.

कागदकिडा

ताईंचं पटलं. मी घरातल्या तिथीला पुराव्यात धरतच नव्हतो, आता धरेन, पण वेगळ्या रकान्यात.

ट्रंकसाहेब, कमिशनला लिहा. थाळी नको, पेन्शनचा कागद, डेपोचं पत्र आणि मेडलच्या कडेचे फोटो पाठवा. त्या काळचा कागद असेल तर ते दुरुस्ती विचारात घेतात. आडनाव आधी मागा, तारीख वेगळ्या परिच्छेदात. तेरा दिवसांचा हिशेब लांबलचक समजावत बसू नका, पेन्शनचा कागद बोलेल. मृत्यूचं कारण काय यावर वाद घालायची गरजच नाही: 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या मुदतीत नोकरीवर असताना गेलेला माणूस आजारानं गेला तरी त्यांच्या यादीत बसतो.

आणि बसरा मेमोरियलच्या भिंतीचे फोटो बघत बसू नका. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, शिपायांचे फक्त आकडे. नावं वेगळ्या पुस्तकात नोंदवली. कमिशननं 2021 च्या स्वतःच्या अहवालात ही असमान वागणूक कबूल केली आहे. ते स्मारकही 1997 मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटर आत नेलंय.

ट्रंकेतले_कागद

अर्ज केला, दोन परिच्छेदांत.

आत्याला विचारलं. डेपोचं पत्र गावच्या मास्तरांनी वाचलं होतं. मास्तरांनी काय वाचून दाखवलं ते तिला माहीत नाही. पण ती म्हणाली, 'कैद' हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकला.

एक काम उरलंय, म्हणून धागा वर आणतोय. 110 व्या पलटणीचे ते दुसरे, 22 नोव्हेंबर 1915 वाले. त्यांच्या गावाचं मोडकं स्पेलिंग आता आमचं गाव डोक्यातून काढून वाचलं तर जावळी खोऱ्यातलं एक गाव निघतं. रविवारी जाऊन येतोय. पुष्कळ गावांत चावडीजवळ संगमरवरी पाटी असते, 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यापैकी इतके कामी आले' अशी. तिथे आहे का बघतो. त्या बाजूचं कुणी इथे असेल तर व्यक्तिगत निरोप करा. दोन वर्षांची स्टेटसं त्यांच्या घरी पोचवायची आहेत.