बाल्टिक देशांची एकजूट: स्वतःची, की युरोपच्या पैशाची?

धागाकर्ता:
८ फेब्रुवारी २०२५ रोजी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांनी सोव्हिएत काळापासून मॉस्कोतून नियंत्रित होणाऱ्या वीजजाळ्याशी संबंध तोडला, सुमारे दिवसभर स्वतःच्या बळावर विजेची वारंवारता स्थिर सांभाळली आणि दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे युरोपच्या जाळ्यात प्रवेश केला. लिथुआनियाला हे २०२४ मध्येच हवे होते. एस्टोनियाला पुरवठ्याच्या खात्रीची चिंता होती. अखेर २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिघांनी मिळून तारीख ठरवली, कारण एकाच जाळ्यातून एकट्याने बाहेर पडणे कुणालाच शक्य नव्हते. माझ्या मते लहान शेजाऱ्यांचे खरे सहकार्य ते हेच: जिथे एकाची चूक तिघांना अंधारात लोटू शकते, तिथे घाईत असलेल्याने थांबायचे आणि कचरणाऱ्याने पुढे यायचे.

प्रतिसाद १:
आपले उदाहरण योग्य असले तरी निष्कर्ष पटत नाही. या कामाचा सुमारे ७५ टक्के खर्च युरोपीय संघाने उचलला. पैसा बाहेरचा असला की एकमत सोपे होते. रेल बाल्टिका पाहा. टॅलिनपासून पोलंडच्या सीमेपर्यंत, रुळांमध्ये १५२० मिलिमीटर अंतर असलेल्या जुन्या मार्गांहून वेगळा, १४३५ मिलिमीटर अंतराचा युरोपीय लोहमार्ग टाकण्यासाठी २०१४ मध्ये संयुक्त कंपनी स्थापन झाली. २०१७ मध्ये ५.८ अब्ज युरोंचा असलेला अंदाज २०२४ मध्ये सुमारे २४ अब्जांवर गेला, आणि एवढा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तिन्ही राजधान्यांपुढे उभा राहिला. याही मार्गाच्या खर्चाचा मोठा वाटा संघाचाच आहे, हे विसरू नये.

प्रतिसाद २:
मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की संघ बाजूला काढला तर तिघांच्या हाती फारसे काही उरत नाही. संघप्रवेशाच्या अटीनुसार लिथुआनियातील इग्नालिना अणुवीज केंद्र २००९ च्या अखेरीस बंद झाले. त्याच्या जागी विसागिनास येथे भागीदारीत नवे केंद्र उभारायचे घाटत होते. पण २०१२ च्या सल्लागार सार्वमतात लिथुआनियातील ६० टक्क्यांहून अधिक मतदारांनी नकार दिला आणि ती योजना बारगळली. जहाजाने येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवण्याचे टर्मिनल कुठे असावे यावरही एकमत झाले नाही, म्हणून लिथुआनियाने २०१४ मध्ये क्लायपेडा बंदरात स्वतःचे सुरू केले.

धागाकर्ता:
विसागिनासचा मुद्दा मान्य आहे. लोकांनी नाकारलेली योजना शेजाऱ्यांच्या सोयीसाठी रेटणे योग्य ठरले नसते. परंतु क्लायपेडाविषयी आपण अर्धीच हकीकत सांगितली आहे. तिथे उतरलेला वायू लाटव्हिया आणि एस्टोनियापर्यंत जातो आणि उन्हाळ्यात तो लाटव्हियातील इन्चुकाल्न्स येथील भूगर्भातील साठ्यात भरून हिवाळ्यासाठी ठेवता येतो. बंदर एकाचे, साठा दुसऱ्याचा. करार नंतर झाले, पण झाले. पैशाच्या मुद्द्यावर एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वाल्गा आणि वाल्का हे एकच शहर १९२० मध्ये एस्टोनिया आणि लाटव्हियात विभागले गेले. २१ डिसेंबर २००७ रोजी सीमेवरील तपासणी उठवणारी शेंगेन व्यवस्था लागू होईपर्यंत तिथे सीमेपलीकडच्या रस्त्यावर जायचे तर कागदपत्रांची तपासणी होत असे; आज माणसे तिथे चालत ये-जा करतात. ती तपासणी उठण्यासाठी संघाच्या तिजोरीपेक्षा दोन सरकारांची तयारी अधिक लागली.

प्रतिसाद १:
शेंगेन हीसुद्धा संघाचीच व्यवस्था आहे, त्यामुळे माझा आक्षेप कायम राहतो. तरीही वीजजाळ्याची तारीख ठरवताना तिघांनी एकमेकांसाठी थांबणे पैशाने विकत घेता येत नाही, हे मात्र मी मान्य करतो. रेल बाल्टिकाच्या वाढीव खर्चाच्या वाटणीतही तसेच थांबणे दिसले, तर माझे मत मी बदलेन.